रक्त देण्याआधी रक्त ओळखावे

(सुपा येथे संस्थेच्या वार्षिक सभेत झालेल्या भाषणाचा पाठ)



वार्षिक सभेत इमारत, खाटा आणि यंत्रसामग्री यांचा हिशेब मांडण्याची प्रथा आहे. तो अहवालात अन्यत्र दिलेला आहे. आज आम्हांला आपल्याशी रक्ताविषयी बोलावयाचे आहे. रक्तदानाचे महत्त्व सांगण्याची आता गरज उरलेली नाही. आपल्या पारनेर तालुक्यात जयंती-पुण्यतिथीला रक्तदान शिबिर भरवण्याची चांगली चाल पडली आहे. आम्ही सांगणार आहोत ते त्यापुढचे आहे. दिलेले रक्त योग्य रुग्णाला, योग्य कारणासाठी मिळाले तरच ते जीवदान ठरते. ओळख न पटवता दिलेले रक्त अपाय करते. ही ओळख पटवण्याच्या शास्त्रात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नसतो.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगट जगापुढे मांडले. 'ओ' गटाचे रक्त कोणालाही चालते, ही समजूत त्यानंतर रूढ झाली. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी डॉ. देशपांडे व डॉ. भाटिया यांना मात्र असे रक्त आढळले, की जे नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसे, पण 'ओ' गटाच्या रक्ताशीही जुळत नसे. तपासणीत काही चूक झाली असेल, असे म्हणून तो नमुना बाजूला ठेवणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. लंडनच्या तज्ज्ञांबरोबर शोध घेऊन १९५२ साली त्यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' या नावाने ओळखला जातो.

या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा घटक नसतो. 'ओ' गटाच्या पेशींवर तो भरपूर असतो. त्यामुळे त्यांच्या शरीरातील प्रतिद्रव्ये 'ओ' रक्तही नष्ट करतात. भारतात अशी व्यक्ती सुमारे दहा हजारांत एक आढळते, असे सांगितले जाते. संख्या लहान आहे. पण त्या एकाला 'ओ' रक्त दिले गेले तर त्याच्या प्राणाशी गाठ असते. म्हणून केवळ पेशींची तपासणी न करता रक्तद्रवाचीही उलट तपासणी करणे आणि रक्त देण्यापूर्वी क्रॉसमॅच म्हणजे जुळणी पाहणे, या दोन पायऱ्या कितीही घाई असली तरी गाळता येत नाहीत. नातेवाइकांना तो विलंब वाटतो, हे आम्ही जाणतो. तो विलंब नव्हे, ती राखण आहे.

या कामातूनच मुंबईत १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र उभे राहिले. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील आजची राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्था ती हीच.

रक्ताचा दुसरा घटक म्हणजे प्लेटलेट. जखम झाली की या सूक्ष्म पेशी एकमेकींना चिकटतात आणि रक्ताला बांध घालतात. एका घन मिलिमीटर रक्तात त्या सामान्यतः दीड ते साडेचार लाख असतात. हा आकडा आता घरोघरी ठाऊक झाला आहे. डेंग्यूच्या दिवसांत अहवाल हाती येताच आकडा वाचला जातो आणि लगेच प्लेटलेटच्या पिशवीची मागणी होते. या भीतीमागचे प्रेम आम्हांला समजते. तरीही आकडा म्हणजे आजार नव्हे, हे आम्हांला नम्रपणे सांगावेसे वाटते.

सिंगापूर आणि मलेशियात डेंग्यूच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्लेटलेट वीस हजार किंवा त्याहून कमी, पण रक्तस्राव मात्र नाही, अशा प्रौढ रुग्णांपैकी काहींना खबरदारी म्हणून प्लेटलेट दिल्या गेल्या, काहींना दिल्या गेल्या नाहीत. दिल्याने रक्तस्राव टळला नाही. उलट काहींना त्यांचा त्रासच झाला. डेंग्यूत अधिक जपावे लागते ते रुग्णाचा रक्तदाब, लघवीचे प्रमाण आणि शरीरातील द्रवाचा समतोल यांना. रक्तस्राव सुरू झाला किंवा आकडा दहा हजारांखाली गेला, तर डॉक्टर प्लेटलेटचा विचार करतातच. तापात ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नयेत, ही घरच्यांच्या हातची खबरदारी त्याहून मोलाची आहे.

काही विकारांत प्लेटलेट चढवूनही टिकत नाहीत. १९५० साली अमेरिकेत डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा एका रुग्णाचे रक्त स्वतःच्या शरीरात घेतले. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट जवळजवळ नाहीशा झाल्या. ते बरे झाले; आणि दोष रुग्णाच्या रक्तद्रवातील घटकात आहे, हे उघड झाले. आज या विकाराला आयटीपी म्हणतात. त्यात प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे मुख्य असतात. गंभीर रक्तस्राव नसेल तर पिशवीमागून पिशवी देणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय.

काही मुलांचा आकडा मात्र पूर्ण सामान्य असतो आणि तरीही नाक, हिरड्या यांतून रक्त थांबत नाही. अंगावर जांभळे डाग उठतात. मुलगी वयात येताच पहिल्याच पाळीत तिच्या जिवावर बेतते. स्विस डॉक्टर ग्लान्झमन यांनी १९१८ साली वर्णिलेल्या या विकारात प्लेटलेट असतात, पण एकमेकींना धरून ठेवणारे प्रथिन सदोष असते किंवा नसतेच. परळच्या संस्थेत डॉ. दीपिका मोहंती, डॉ. कांजाक्ष घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराचा अभ्यास केला आहे. अशा रुग्णाला वारंवार प्लेटलेट दिल्यास शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू शकते, आणि खऱ्या संकटात त्याच प्लेटलेट निरुपयोगी ठरतात. म्हणून त्यांचा वापर फार जपून करावा लागतो.

बॉम्बे रक्तगट आणि ग्लान्झमन विकार यांत एक साम्य आहे. दोन्हींत सदोष जनुक आई आणि वडील अशा दोघांकडून यावे लागते. मामाची मुलगी करण्याची प्रथा ज्या घरांत आहे, तेथे ही शक्यता वाढते. आम्ही कोणाच्या नात्याला नावे ठेवत नाही. परंतु घरात एकाला असा दोष आढळला, तर त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी अवश्य करावी, ही आमची विनंती आहे. बॉम्बे गटाच्या रुग्णाला रक्तदाता बहुधा त्याच्याच भावंडांत सापडतो.

आता आपल्या गावाची अडचण. तांबड्या पेशी शीतकपाटात पाच ते सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट अवघे पाच दिवस, आणि त्याही थंडीत नव्हे. १९६९ साली मर्फी आणि गार्डनर यांनी दाखवून दिले, की प्लेटलेट गारठ्यापेक्षा खोलीच्या तापमानात अधिक तग धरतात. म्हणून त्या वीस ते चोवीस अंशांत, सतत हलत्या ठेवाव्या लागतात. सुप्यात त्या अहिल्यानगर किंवा पुण्याहून महामार्गाने येतात. पिशवी आणायला जाणारा नातेवाईक काळजीपोटी तीही बर्फाच्या डब्यात ठेवू पाहतो. कृपया तसे करू नये. बर्फ तांबड्या पेशींसाठी. तोही पिशवीला थेट लागू न देता. प्लेटलेटला बर्फ घातक आहे.

म्हणून प्लेटलेटचा साठा करून निश्चिंत होणे कोणत्याही श्रीमंत संस्थेलाही शक्य नाही. हाकेसरशी येणारा दाता हाच तिचा खरा साठा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. तेव्हापासून सारा भार आपल्यासारख्यांच्या स्वेच्छेवर आहे.

विश्वस्त आणि देणगीदार यांच्यापुढे आम्ही तीनच मागण्या ठेवतो. उलट तपासणी व प्रतिद्रव्य तपासणी यांच्या रसायनांसाठी कायम निधी असावा. पंचक्रोशीतील दात्यांची नोंदवही रक्तगटानुसार तयार करून दरवर्षी ताजी करावी. आणि ज्यांच्या रक्तस्रावाचे कारण येथे उमगत नाही, अशा मुलांना पालकांसह परळला जाण्याचा प्रवासखर्च संस्थेने द्यावा. या खर्चातून भिंतीवर कोरण्याजोगे काही उभे राहणार नाही, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु पहिल्या पाळीत मरणाच्या दारी पोहोचणाऱ्या मुलीला तिच्या आजाराचे नाव आधीच कळले, तर ती वेळेवर योग्य रुग्णालयात पोहोचेल. यापरते दानाचे सार्थक आम्हांला दुसरे दिसत नाही.