मृताच्या नावची जमीन

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात चुडावा येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस 'समाजाची प्रगती' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. आम्ही त्यांना विनंती केली की, प्रगतीवर बोलणारे विद्वान वक्ते पुष्कळ आहेत. आमच्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या व खेड्यातील शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाला एका साध्या, पण घराघरांत सलणाऱ्या गोष्टीवर बोलू द्यावे. ती गोष्ट म्हणजे घरातील कर्ता पुरुष निवर्तल्यावर त्याच्या जमिनीची व्यवस्था, आणि ती व्यवस्था वेळीच न झाल्यास कोर्टाच्या हुकुमाने होणारी त्या जमिनीची विक्री. चिटणीसांनी ही विनंती मान्य केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आपल्याकडे मनुष्य गेला म्हणजे दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध यांत काडीचीही कसूर होत नाही. कर्ज काढून पंक्ती उठतात. परंतु तलाठ्याच्या दप्तरात तोच मनुष्य पुढे वीस-वीस वर्षे जिवंत असतो. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव, कसणारे नातू, आणि मध्यंतरी मुलांची एक पिढी कागदावर न येताच निघून गेलेली, असा प्रकार आम्ही किती पाहिला म्हणून सांगावे! शासनासही या गोष्टीची दखल घ्यावी लागली. बुलढाणा जिल्ह्यात प्रथम सुरू झालेली 'जिवंत सातबारा' मोहीम १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबविण्यात आली. मृत खातेदारांच्या जागी त्यांच्या वारसांची नावे लावणे, एवढाच तिचा हेतू. एवढ्या साध्या कामाला राज्याची मोहीम काढावी लागली, यावरून आपली हयगय किती जुनी आहे हे दिसून येते.

या हयगयीला आपल्या भागात काही ऐतिहासिक कारणेही आहेत. हा परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेव्हाची महसुली दप्तरे उर्दूत. आपले वाडवडील दुसऱ्याच्या डोळ्यांनी कागद वाचीत. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी आपल्याच जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. दर वेळी कचेऱ्या बदलल्या, कागदांच्या जागा बदलल्या. कागद म्हणजे भीती, ही समजूत आपल्या मनात पिढ्यान्‌पिढ्या मुरली ती अशी.

कोर्टाचा लिलावही काही आजचा नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे व कर्जरोखे जाळले. त्या दंग्याच्या मुळाशी कोर्टाच्या हुकूमनाम्यांचा मोठा भाग होता. सावकार दावा लावी, समन्स निघे, भेदरलेला कुणबी हजर राहत नसे, एकतर्फी हुकूमनामा होई व जमीन जाई. सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. जमीन स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात ती जप्त करून विकता येणार नाही, असे त्यात ठरले. हा कायदा इंग्रजी मुलखापुरता होता. निजामाच्या राज्यातील आपल्या वाडवडिलांच्या वाट्यास तो आला नाही. तथापि त्यातून घेण्याचा धडा आपल्यालाही लागू आहे. जमिनी बुडाल्या त्या जितक्या कर्जाने, तितक्याच गैरहजेरीने.

आता दुसऱ्यांचे दोष सांगण्यापेक्षा आमच्याच घरची हकीकत आपणांपुढे ठेवतो. सांगताना मान खाली जाते, परंतु शिक्षकाने आपली चूक झाकू नये.

आमचे वडील १९९६ साली वारले. आई त्यांच्याआधीच गेली होती. वडिलोपार्जित जमीन अठरा एकर. आम्ही, धाकटे बंधू, आणि आम्हां दोघांहून वडील असलेल्या अक्का. अक्कांचे लग्न फार पूर्वी झाले होते. वारसाची नोंद करताना आम्हीच चार ओळींचा जबाब लिहिला की, बहिणीस हिस्सा नको आहे. अक्का दिवसांसाठी माहेरी आल्या होत्या. आम्ही कागद पुढे केला, त्यांनी अंगठा उठविला. कागदात काय आहे ते त्यांनी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. ज्या हाताने आम्ही शेकडो मुलांना 'खरे बोलावे' हा कित्ता घालून दिला, त्याच हाताने तो जबाब लिहिला. सातबाऱ्यावर दोन भावांची नावे लागली, वाटप मात्र झाले नाही.

पुढे बंधू एका स्नेह्याच्या कर्जास जामीन राहिले. स्नेह्याने कर्ज फेडले नाही. दावा झाला. समन्स आले ते बंधूंनी कोनाड्यात ठेवले, कारण जामीनदाराला कोण विचारतो, अशी त्यांची समजूत. आमची नेमणूक तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होती, आम्हांस पत्ता नाही. एकतर्फी हुकूमनामा झाला, जप्ती झाली, लिलावाचा जाहीरनामा चावडीवर लागला. त्यासमोरून माणसे येत-जात होती, कोणी आम्हांस कळविले नाही. २००९ साली बंधूंच्या नावचा अर्धा, म्हणजे नऊ एकरांचा अविभक्त हिस्सा दोन लाख चाळीस हजारांस पुकारला गेला. बाजारभावाच्या निम्म्यानेही ती किंमत नव्हती. लिलावात स्वस्त जाण्याचे कारण उघड आहे. वाटप न झालेला हिस्सा घेणाऱ्याला प्रत्यक्ष ताबा मिळत नाही. त्याला पुढे वाटपाचा दावा लावावा लागतो. म्हणजे आमच्या बांधावर एक परका मनुष्य भागीदार म्हणून उभा राहणार होता.

वकिलांनी कागद पाहून दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की, लिलाव झाला तरी सर्व संपत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ८९ प्रमाणे लिलावापासून साठ दिवसांच्या आत जाहीरनाम्यातील रक्कम आणि घेणाऱ्यासाठी खरेदी किमतीच्या शेकडा पाच इतकी रक्कम कोर्टात भरली, तर विक्री रद्द होते. जाहीरनाम्यातील रक्कम एक लाख ऐंशी हजार, वर बारा हजार. दुसरी गोष्ट त्यांनी आमच्याकडे न पाहता सांगितली. स्थावरातील हक्क तलाठ्यापुढच्या साध्या जबाबाने सुटत नाही, त्याला नोंदणी केलेले हक्कसोडपत्र लागते. अर्थात अक्कांचा हक्क कधीच गेला नव्हता, आणि पुकारलेल्या नऊ एकरांत त्यांचाही भाग मिसळलेला होता.

आम्ही भविष्य निर्वाह निधीतून नव्वद हजार काढले. बंधूंनी बैलजोडी विकून तीस हजार उभे केले. बहात्तर हजार कमी पडत होते. अक्कांना कोणी सांगितले कोण जाणे, त्या पहाटेच्या गाडीने चुडाव्याच्या स्टेशनवर उतरल्या आणि पदरात बांधून आणलेले सोने ओसरीवर ठेवून म्हणाल्या, "गहाण टाका, पर बापाचं रान जाऊ देऊ नका." त्रेपन्नाव्या दिवशी रक्कम कोर्टात भरली आणि पुढे विक्री रद्द झाली.

त्या संध्याकाळी आम्ही अक्कांना १९९६ च्या जबाबाची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला रान नको होतं रे. पर मला इचारायला पाहिजे होतं."

बंधुभगिनीहो, आमच्या आजच्या भाषणाचे सार या एका वाक्यात आहे. पुढील वर्षी आम्ही नोंदणीकृत वाटपपत्र करून तिघांत सहा-सहा एकर जमीन वाटली आणि अक्कांचे सोने सोडवून दिले. यात आम्ही औदार्य केले, असे कोणी समजू नये. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी, मुलगा, विधवा व आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. जुन्या हिशेबाने आमच्या वडिलांच्या एकतृतीयांश हिश्श्यातील तिसरा भाग, म्हणजे दोन एकर तरी अक्कांचे होतेच. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच मुलाबरोबरीची सहदायाद झाली. वडील त्या तारखेस हयात नसले तरी हा हक्क राहतो, असा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या प्रकरणात निर्वाळा दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटपे त्यामुळे मोडत नाहीत. तेव्हा त्या सहा एकरांवर अक्कांचा हक्कच होता.

आता आपल्या सोयीसाठी काही गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, वारसाची नोंद. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला द्यावयाची असते. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची खरी नावे द्यावीत. मुली, विधवा सून, लहान नातवंडे यांपैकी कोणाचे नाव गाळू नये. गाळलेले नाव आज नाही तर वीस वर्षांनी दावा होऊन दारात उभे राहते. फेरफार म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, हेही ध्यानात असावे. महसुली नोंद खरी मानली जाते ती उलट सिद्ध होईपर्यंतच.

दुसरी गोष्ट, वाटप. भाऊबंद एकमताचे असतील तर संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून अथवा नोंदणीकृत वाटपपत्र करून काम होते. एकमत नसेल तर दिवाणी दावा लावावा लागतो. त्यात कोर्ट हिस्से ठरविते, पण साऱ्याच्या जमिनीची प्रत्यक्ष फाळणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. मोजणी, हरकती व अपिले यांत दावा लावणारा पुष्कळदा स्वतःच मृत होतो. एखादी मिळकत सोयीने वाटताच येत नसेल, तर १८९३ च्या वाटप कायद्याने कोर्ट ती विकून पैसे वाटू शकते. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदाही लहान तुकड्यांच्या आड येतो. म्हणून चार भावांनी चार पट्ट्या करण्याचा हट्ट धरण्यापेक्षा एकाने जमीन घ्यावी व इतरांस मोल द्यावे, हे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

तिसरी गोष्ट, मृताचे कर्ज. वडिलांच्या कर्जासाठी वारसाला धरता येते ते त्याच्या हाती आलेल्या वडिलांच्या मिळकतीपुरतेच. त्याच्या स्वतःच्या कमाईला हात लागत नाही. केवळ पुत्रधर्म म्हणून मुलाने बापाचे ऋण फेडावे, हे जुने बंधन २००५ च्या दुरुस्तीने त्यापुढील कर्जांपुरते उठविले आहे. तसेच शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे, जरूर तेवढी जनावरे व बियाणे यांवर हुकूमनाम्याची जप्ती येत नाही. वसुलीस जेवढी जमीन पुरेल तेवढीच विकावी, असाही नियम आहे. परंतु हे सर्व संरक्षण कोर्टात उभे राहून मागणाऱ्यास मिळते, घरी बसणाऱ्यास नाही.

चौथी गोष्ट, समन्स. समन्स कोनाड्यात ठेवू नये. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर योग्य कारण दाखवून तीस दिवसांत तो रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो. लिलावात लबाडी किंवा मोठी अनियमितता होऊन नुकसान झाले असेल, तर त्यासही हरकत घेता येते. मात्र प्रत्येक उपायाला मुदत आहे.

पाचवी गोष्ट, अज्ञान मुले. बाप अकाली गेला तर पुष्कळदा चुलते विधवेला म्हणतात, 'आम्ही विकून पैसे देतो.' मुलांच्या स्वतःच्या मालकीची स्थावर मिळकत आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. १९५६ च्या अज्ञान व पालकत्व कायद्यात तसे स्पष्ट आहे. ही परवानगी म्हणजे अडथळा नव्हे, ते पोरक्या मुलांचे कवच आहे. बँकेतील ठेवीवर नामनिर्देशन असले, तरी तो मनुष्य पैसे घेतो ते सर्व वारसांच्या वतीने, एवढेही या ओघात सांगून ठेवतो.

मंडळापुढे आमच्या दोन नम्र सूचना आहेत. मेळाव्याच्या दिवशी सकाळी दोन घटका केवळ वारस-नोंदींसाठी ठेवाव्यात. ज्यांच्या सातबाऱ्यावर मृताचे नाव आहे त्यांनी उतारा आणावा, आणि आपल्यातील जाणत्या मंडळींनी अर्ज लिहून द्यावेत. अर्ज लिहिण्याचे काम आम्ही स्वतः डोळे चालतील तोवर करू. दुसरी सूचना अशी की, घरातील तंटा कोर्टात जाण्यापूर्वी, किंवा गेला असल्यास लोकन्यायालयात तडजोडीने मिटविण्यासाठी, तीन वडील माणसांनी मध्यस्थी करावी आणि त्या तिघांत एक स्त्री असावी. लोकन्यायालयाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. मात्र तडजोडीच्या बैठकीत बहिणीला ओसरीच्या आत बसवून बाहेर निर्णय करू नये.

अक्का आज हयात नाहीत. त्यांच्या सहा एकरांवर त्यांच्या मुलांची व मुलीची नावे तीन महिन्यांच्या आत लागली. तो अर्ज आम्हीच लिहिला, आणि या खेपेस प्रत्येकास मोठ्याने वाचून दाखविला, मगच सह्या घेतल्या.