आत्महत्या प्रतिबंधाचे प्रशिक्षण आणि सिरोंच्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी

जगणे नकोसे झालेला विद्यार्थी डॉक्टरकडे आपणहून क्वचितच जातो. त्याच्या वागण्यातला बदल आधी खोलीतल्या किंवा बाकावरच्या सोबत्याला जाणवतो. आत्महत्या प्रतिबंधाचे प्रशिक्षण विद्यार्थ्यांनाच देण्यामागचे कारण हे आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले होते. इतकी संख्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हती.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल क्विनेट यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ‘क्यूपीआर’ पद्धतीत तीन पायऱ्या आहेत: थेट विचारणे, मदत घ्यायला राजी करणे आणि मदतीपर्यंत पोचवणे. विचारल्याने आत्महत्येची कल्पना डोक्यात शिरते, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. म्हणून प्रश्न आडवळणाने न विचारता स्पष्ट विचारायचा, उत्तर मध्ये न तोडता ऐकायचे, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन द्यायचे नाही, आणि धोका जवळ दिसला तर त्या व्यक्तीला एकटे सोडायचे नाही. कीटकनाशकासारखी घातक वस्तू घरच्यांमार्फत तिच्या हाती लागणार नाही अशी ठेवणे हाही याच कामाचा भाग आहे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण खूप घटले.

युरोपातील दहा देशांत १६८ शाळांतील ११,११० विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले. केवळ शिक्षकांना क्यूपीआर शिकवलेल्या शाळांत लक्षणीय फरक पडला नाही. जिथे विद्यार्थ्यांनीच प्रसंग वठवून चर्चा केली, तिथे वर्षभरानंतर आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचे प्रमाण सुमारे निम्मे आढळले. हा अभ्यास शाळकरी मुलांचा होता. तरी नुसत्या भाषणापेक्षा सराव महत्त्वाचा, हा धडा महाविद्यालयालाही लागू पडतो.

सिरोंचा हा गडचिरोली जिल्ह्याचा दक्षिणेकडचा शेवटचा तालुका. प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळच्या या भागात घरात तेलुगू, वर्गात मराठी आणि काही गावांत माडिया असा व्यवहार चालतो. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. त्यामुळे इथे प्रत्यक्ष आणि ऑनलाइन या दोन्ही पद्धतींची कामे वाटून घ्यावी लागतात. धोक्याची लक्षणे, गैरसमज आणि मदतीची ठिकाणे ही माहिती ऑनलाइन देता येते. रेंज नसलेल्या गावांसाठी ती आधी डाउनलोड करून ठेवता येते. प्रश्न विचारण्याचा सराव मात्र समोरासमोर, वीस-पंचवीस जणांच्या गटात आणि ज्या भाषेत मित्र मन मोकळे करतो त्याच भाषेत व्हायला हवा. शिबिराला जाणकार समुपदेशक हजर असावा, कारण चर्चेत कुणाचे स्वतःचे दुखणे वर येऊ शकते. काही महिन्यांनी उजळणीही लागते.

सोबत्याने समुपदेशक बनणे अपेक्षित नाही. पुढचा दुवा तयार नसेल तर प्रशिक्षण अर्धवट राहते. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. तिथे मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत बोलता येते, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक नेमणे, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण देणे आणि मदतीचे क्रमांक ठळकपणे लावणे आवश्यक आहे. विद्यार्थ्याने मित्राला त्या दुव्यापर्यंत आणायचे. त्यापुढची जबाबदारी संस्थेची आणि आरोग्ययंत्रणेची.