मधपाळांची बैठक कशासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मधमाशी हा समाजवादी वक्त्यांचा आवडता दृष्टान्त आहे. एकजूट, श्रमप्रतिष्ठा, संचिताचा सामुदायिक उपभोग असे सारे काही तिच्या पोळ्यात सापडते, असे व्यासपीठावरून वारंवार सांगितले जाते. टंचाईचे दिवस आले की त्याच पोळ्यातून नरमाश्यांना हाकलून देण्यात येते, ही गोष्ट मात्र वक्ते विसरतात. तेव्हा हा दृष्टान्त आज बाजूला ठेवलेला बरा. आजचा विषय मधमाश्यांचा समाज हा नसून मधपाळांचा समाज हा आहे. एखाद्या गावात वा खोऱ्यात दहा-वीस मधपाळ एकत्र येतात, मंडळ काढतात, महिन्याला बैठक भरवतात. ही बैठक कशासाठी? चहापान, एखादे व्याख्यान आणि अनुदानाच्या अर्जांवर सह्या एवढाच तिचा कार्यक्रम असेल, तर ती न भरली तरी फारसे बिघडत नाही. परंतु या व्यवसायाच्या अर्थकारणाकडे थोडे बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानात येते की, बैठक हे मधपाळाचे एक उत्पादनसाधनच आहे. पेटी आणि धुराडे यांच्याइतकेच आवश्यक.

आपल्याकडची सातेरी माशी पेटीपासून साधारण एक किलोमीटरच्या परिसरात फिरते, असे धरून चालू. एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ३१४ हेक्टर, म्हणजेच पावणेआठशे एकर. या पावणेआठशे एकरांत मधपाळाच्या मालकीचे काय असते? पुष्कळदा पेटीखालची चार हात जागा. बाकीचे सारे कुरण परक्याचे. जांभूळ आणि हिरडा वनखात्याचा, सूर्यफूल शेजाऱ्याचे, गेळा गायरानातला. मधपाळाचे भांडवल रोज सकाळी उडून जाते आणि संध्याकाळी, कोणी वाटेत विष पेरले नसेल तर, परत येते. कुंपण घालून राखता येईल अशी ही मालमत्ता नव्हे.

अर्थशास्त्रज्ञांना या गोष्टीची भुरळ पडली, यात नवल नाही. जेम्स मीड यांनी १९५२ मधील एका निबंधात सफरचंदाची बाग आणि मधमाश्या हे उदाहरण घेतले. बागवाला मधपाळाला फुलोरा फुकट देतो, मधमाश्या बागवाल्याला परागीभवन फुकट देतात. ज्याचे मोल बाजारात मिळत नाही त्याचे उत्पादन पुरेसे होत नाही. म्हणून कर आणि अनुदान यांचा आधार घ्यावा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे १९७३ मध्ये स्टीव्हन च्युंग यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बागांमध्ये जाऊन चौकशी केली आणि दाखवून दिले की, तेथे बागवाले आणि मधपाळ यांच्यात पेट्यांच्या भाड्याचे रीतसर करार होतात. मुक्त बाजाराच्या पुरस्कर्त्यांनी हा निबंध डोक्यावर घेतला. मात्र त्याच निबंधात नोंदवलेली एक गोष्ट ते सहसा उद्धृत करीत नाहीत. एका बागेत ठेवलेल्या माश्या शेजारच्या बागेतही जातात; मग शेजाऱ्याने भाडे का भरावे? यावर तेथील बागायतदारांमध्ये एक रूढी होती. प्रत्येकाने शेजाऱ्यांच्या बरोबरीने, आपल्या क्षेत्राच्या प्रमाणात पेट्या ठेवायच्या. न ठेवणारा वाईट शेजारी ठरे आणि इतर बागवाले त्याची अडचण करीत. म्हणजे बागवाला आणि मधपाळ यांच्यातील प्रश्न कराराने सुटला. बागवाल्या-बागवाल्यांमधील प्रश्न सोडवला तो शेजारधर्माने. ना बाजाराने, ना सरकारने.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. धुळे-नाशिक भागात नदीवर बंधारे बांधून पाटाचे पाणी फडाफडांत वाटून घेण्याची जी पद्धती शतकानुशतके चालली, ती लाभधारकांनी स्वतः केलेल्या नियमांवरच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात सामाईक संपत्ती राखणाऱ्या अशाच व्यवस्थांचा अभ्यास मांडला, आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या विवेचनातील एक मुद्दा मधपाळांच्या मंडळाला नेमका लागू पडतो: नियम ज्यांना पाळायचे त्यांनीच ते करावेत आणि पाळले जातात की नाही हेही त्यांनीच पाहावे.

अशा मंडळांचा इतिहास उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये १८७४ साली ब्रिटिश बीकीपर्स असोसिएशन स्थापन झाली तेव्हा खेड्यातील झोपडीवासी आणि शेतमजूर यांची स्थिती सुधारणे, हा तिच्या घोषित हेतूंचा एक भाग होता. गवताच्या टोपलीत मोहोळ पाळायचे आणि मध काढताना गंधकाच्या धुराने माश्या मारून टाकायच्या, ही तेथील जुनी रीत. सुट्या चौकटींच्या पेटीने ती हत्या टळणार होती. पण नवी पेटी वापरायला मजुराला शिकवणार कोण? त्यासाठी स्थानिक शाखा आणि प्रात्यक्षिके. उन्हाळ्यात पेट्यांपाशी आणि हिवाळ्यात सभागृहात भरणारे तेथील मधपाळांचे मेळावे आजही चालू आहेत. शेतमजूर मात्र त्यांतून बव्हंशी दिसेनासा झाला आणि मंडळे हौशी मध्यमवर्गीयांची झाली. संस्था टिकली म्हणजे तिचा हेतू टिकलाच, असे समजण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात या व्यवसायाची संघटित सुरुवात महाबळेश्वरच्या डोंगराळ मुलखात झाली. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथे आहे, मधपाळांची सहकारी संस्था आहे, आणि २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. हे सारे स्वागतार्ह आहे. राज्याच्या मधकेंद्र योजनेत निम्मे अनुदान आणि निम्मी स्वतःची गुंतवणूक अशी व्यवस्था आहे, तीही योग्यच. तथापि अनुदानातून पेटी मिळते, माशी मिळतेच असे नाही. आणि माशी मिळाली तरी ती पेटीत टिकवण्याचे ज्ञान कोणत्याही शासननिर्णयातून पोहोचत नाही. ते पोहोचते एका मधपाळाकडून दुसऱ्याकडे, झाकण उघडलेल्या पेटीसमोर. म्हणून पहिला आग्रह असा धरावा की, बैठक ग्रामपंचायतीच्या सभागृहात नको, सभासदाच्या पेट्यांपाशी हवी, आणि दर वेळी वेगळ्या सभासदाकडे. राणीने अंडी घातली आहेत का, मेणकिडा शिरला आहे का, हे नवख्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि जुन्या सभासदाने चौकट त्याच्या हातात द्यावी. आणखी एक लाभ असा की, ज्याच्याकडे बैठक, त्याच्या पेट्या आपोआप स्वच्छ होतात!

आता रोगाचा प्रश्न. या बाबतीत बैठकीचे महत्त्व जिवामरणाचे आहे. १९९१-९२ च्या सुमारास केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडू या राज्यांत थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होते आणि कोषात जाण्यापूर्वीच मरते. या रोगावर औषध नाही. ज्या थोड्या वसाहती तग धरून राहिल्या त्यांच्यापासून पुढे वाढ करणे, हाच मार्ग. परंतु कोणाच्या पेट्या मेल्या आणि कोणाच्या तगल्या, हे एकमेकांना कळल्यावाचून हा मार्ग खुला होत नाही. येथे एक मानवी अडचण उभी राहते. ज्याच्या पेटीत रोग शिरला तो तो लपवतो. कळले तर वसाहती कोणी विकत घेणार नाही, पेट्या हलवू देणार नाहीत, ही त्याची भीती निराधार नसते. त्याला नीतिपाठ देऊन काही साधणार नाही. रोगाची वर्दी प्रथम देणाऱ्या सभासदाला पुढच्या हंगामात तगलेल्या वसाहतीचे विभाजन करून एक वसाहत बिनमोल मिळेल, असा ठराव मंडळाने आधीच करून ठेवला पाहिजे. सत्य सांगणाऱ्याचा तोटा सर्वांनी वाटून घेतला, तरच सत्य वेळेवर कळते.

हीच गोष्ट मधाच्या प्रतीची. चौकटीतील कप्पे मेणाने बंद होण्याआधी काढलेल्या मधात पाण्याचा अंश अधिक असतो आणि तो आंबतो. एका उतावळ्या सभासदाचा असा मध सामाईक पिंपात पडला की साऱ्यांचे पिंप नासते. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तपासलेल्या तेरा छापांपैकी बहुतेकांचे नमुने भेसळीच्या एका आधुनिक चाचणीत उतरले नाहीत. कंपन्यांनी तो निष्कर्ष अमान्य केला. तो वाद काहीही असो, ग्राहकाच्या मनात संशय शिरला आहे, आणि गावाचे नाव असलेल्या बाटलीला त्यामुळेच संधी आहे. ती संधी पिंपाच्या तोंडाशी उभे राहून एकमेकांचा मध तपासणाऱ्या मंडळालाच घेता येईल. नातेसंबंध आड येतात, हे खरे. चुलत्याचा मध परत पाठवणे सोपे नसते. म्हणून तपासणीची पाळी लावावी. कायमचा तपासनीस नेमू नये.

थव्यांवरून होणारे तंटे जगभर जुने आहेत. जस्टिनियनच्या रोमन कायद्यात असा दंडक होता की, उठलेला थवा मालकाच्या दृष्टीच्या टप्प्यात आहे आणि पाठलाग शक्य आहे तोवर तो त्याचा. पुढे जो धरील त्याचा. मंडळाने याहून थोडा अधिक समाजवादी नियम करावा: बेवारस थवा ज्याच्याकडे सर्वांत कमी पेट्या त्याचा.

आता सभासदत्वाचा प्रश्न. आणि बहुतेक मंडळे येथेच चुकतात. फक्त मधपाळांचे मंडळ हे अर्धेच मंडळ होय. त्या पावणेआठशे एकरांत फवारणी करणारा शेतकरी पेट्या पाळत नसला, तरी मधपाळाचे भवितव्य त्याच्या पंपात असते. उभ्या फुलोऱ्यात सकाळी फवारणी झाली तर माश्या शेतातच मरून पडतात; तीच संध्याकाळी, माश्या परतल्यावर केली, तर हानी पुष्कळ कमी होते. एवढ्यासाठी आदल्या दिवशी निरोप मिळावा लागतो, आणि जो शेतकरी कधी बैठकीला बोलावला गेलाच नाही तो निरोप कशाला देईल? त्याला बोलवावे, उघडी पेटी दाखवावी, हंगामाअखेर मधाची बाटलीही द्यावी. तसाच रानात आग्या मोहोळ काढणारा. त्याला माशी जितकी कळते तितकी पुष्कळ पेटीवाल्यांना कळत नाही. पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून अळ्यांचा भाग राखण्याची रीत त्याने स्वीकारावी, असे मंडळाला वाटत असेल, तर त्याला सभासद करून घ्यावे लागेल. वनरक्षकाकडे त्याची तक्रार करून ते होणार नाही. आणि स्त्रिया. घराशेजारच्या पेटीवर दिवसभर नजर असते ती घरातल्या बाईची. बैठकीत मात्र येतो तो पुरुष. बैठक सायंकाळच्या स्वयंपाकाच्या वेळी ठेवायची आणि स्त्रिया येत नाहीत म्हणून खेद व्यक्त करायचा, हा प्रकार पक्षाच्या शाखांनाही अपरिचित नाही.

वर्षातील सर्वांत महत्त्वाची बैठक कोणती? हंगामानंतरचा मेळावा नव्हे. तेव्हा मध असतो, पाहुणे असतात, भाषणे होतात. खरी बैठक पाऊस सुरू होण्यापूर्वीची. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या महिन्यांत माशी बाहेर पडू शकत नाही, साखरेच्या पाकावर तिला जगवावे लागते, आणि उपाशी वसाहत पेटी सोडून जाते. गरीब मधपाळाच्या हाती नेमका तेव्हाच पैसा नसतो. मध विकून आलेली रक्कम बियाण्यात आणि मुलांच्या पुस्तकांत गेलेली असते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस, वाटा बंद होण्याआधी, ही बैठक सर्वांत दूरच्या वाडीत भरवावी. किती पेट्यांना किती साखर लागेल, मंडळाने आगाऊ किती रक्कम घालायची, ती पुढच्या मधातून कशी वळती करून घ्यायची, आणि ओढ्यापलीकडच्या घरांपर्यंत पोती कोण पोहोचवणार, हे त्या दिवशी नावानिशी वहीत उतरले पाहिजे.