आवाज एकाच बाजूने का येतो?

वरोऱ्यातल्या कितीतरी घरांतली मुलं नागपूर-पुण्याला आहेत. इंटरनेटवरून फोन लावला की रिंग वाजते, लेकीला आईचं बोलणं स्पष्ट ऐकू जातं, पण आईला मात्र काहीच ऐकू येत नाही. नेट स्लो आहे, असं म्हणून आपण फोन ठेवतो. पुष्कळदा दोष नेटचा नसतो, घरातल्या राउटरचा असतो.

जगात जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते सुमारे 430 कोटीच, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी 2011 मध्येच संपला. म्हणून घरातली सगळी उपकरणं 192.168 अशा खासगी पत्त्यांवर राहतात आणि बाहेर एकच पत्ता दिसतो. राउटर म्हणजे वसतिगृहाचा चौकीदार. आतून कोणी निरोप धाडला तर त्याचं उत्तर तो आत सोडतो, अनोळखी माणसाला मात्र दारातूनच परतवतो.

इंटरनेट फोनच्या एसआयपी या पद्धतीत कॉल जोडणारा निरोप वेगळा आणि आवाज वेगळा जातो. त्या निरोपात फोन आपला खासगी पत्ता लिहून मोकळा होतो. समोरचा त्याच पत्त्यावर आवाज पाठवतो आणि तो कुठेच पोचत नाही.

यावर ‘स्टन’ नावाची सोय आहे. बाहेरच्या सर्व्हरला फोन विचारतो, मी तुला कोणत्या पत्त्यावरून दिसतो? तेवढ्याने भागलं नाही तर ‘टर्न’ सर्व्हर मध्ये राहून आवाज पुढे पोचवतो. फोनच्या सेटिंगमध्ये स्टन चालू करा. राउटरमधलं ‘एसआयपी एएलजी’ मात्र बंद करा. मदतीसाठीच ते ठेवलेलं असतं, पण निरोपातला पत्ता बदलताना अनेकदा घोळ घालतं. फायबरच्या डब्यामागे दुसरा राउटर जोडला असेल तर तो ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, नाहीतर दोन चौकीदार होतात. राउटरचे सगळे पोर्ट, म्हणजे दारंच, उघडी टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका.

जंगलपट्ट्यात, जिथे घरात टॉवरची रेंज पोचत नाही पण फायबर आलं आहे, तिथे वायफाय कॉलिंगचा मोठा आधार आहे. एअरटेलने ते डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओने जानेवारी 2020 मध्ये सुरू केलं. त्यासाठी राउटरने यूडीपीचे 500 आणि 4500 हे पोर्ट बाहेर जाताना अडवता कामा नयेत. वायफाय असूनही फोनवर वायफाय कॉलिंगची खूण दिसत नसेल, तर आधी हेच तपासून घ्या.