अहवाल येईपर्यंतचे दिवस

(दीर्घकालीन आजाराचे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



आजारावर आणि औषधांवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला आज बोलायचे आहे ते रक्त देऊन घरी आल्यापासून अहवाल हाती पडेपर्यंतच्या दिवसांविषयी. तपासणीसाठी रक्त घेण्याचे काम पाच मिनिटांत उरकते. प्रतीक्षा मात्र आठवडाभर घरात मुक्काम ठोकते. दीर्घकालीन आजारात ती एकदाच येऊन जात नाही. दर तीन महिन्यांनी ती पुन्हा दारात उभी असते. म्हणूनच या प्रतीक्षेकडे उपचाराचाच एक भाग म्हणून पाहिले पाहिजे, असे माझे आग्रहाचे प्रतिपादन आहे.

मी स्वतः क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण आहे. १९६० साली नॉवेल आणि हंगरफर्ड या संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र आढळले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते तयार होते, हे १९७३ साली जॅनेट रावली यांनी दाखवून दिले. पुढे २००१ साली अमेरिकेत इमॅटिनिब या गोळीला मान्यता मिळाली आणि या आजाराचे स्वरूपच पालटले. त्यापूर्वी निदानानंतर बहुतेकांच्या वाट्याला थोडीच वर्षे येत. आज उपचारांना उत्तम प्रतिसाद देणारा रुग्ण जवळजवळ सर्वसामान्य आयुष्य जगू शकतो. पूर्वीचा रुग्ण मृत्यूची वाट पाहत असे, आम्ही अहवालाची पाहतो. हे भाग्यच म्हणायचे; पण या भाग्याचेही ओझे असते.

आमच्या तपासणीत रक्तातून आरएनए वेगळा काढतात, त्यापासून डीएनएची प्रत तयार करतात आणि सदोष जनुकाच्या खुणा मोजतात. उत्तर टक्क्यांत येते. उपचार सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी ते १० टक्के किंवा त्याखाली, सहा महिन्यांनी १ टक्का आणि वर्षभरात ०.१ टक्क्यापर्यंत उतरावे, अशी अपेक्षा असते. अनेक प्रयोगशाळांत पुरेसे नमुने जमल्यावर ठरावीक दिवशीच ही चाचणी लावतात. लहान गावातील नमुना मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो. विलंबाची कारणे बहुधा अशी साधी असतात.

तरीही आपल्याकडे एक समजूत घट्ट रुजली आहे की, अहवालाला उशीर म्हणजे बातमी वाईट. क्षयरोगाच्या जंतुसंवर्धनाचे उदाहरण पाहा. क्षयाचा जंतू अतिशय सावकाश वाढतो. द्रव माध्यमात ‘जंतू वाढले नाहीत’ असे सांगण्यापूर्वी प्रयोगशाळा सहा आठवडे थांबते. म्हणजे तेथे चांगली बातमीच सर्वांत उशिरा येते! बायोप्सीतही तुकडा फॉर्मेलिनमध्ये स्थिर करणे, मेणात बसवणे, काही मायक्रॉन जाडीचे काप काढणे आणि ते रंगवणे या पायऱ्या असतात. पेशींची ओळख पक्की करण्यासाठी विशेष रंजन लागले, तर आणखी काही दिवस जातात. काळजीपूर्वक केलेल्या कामाला लागणारा हा वेळ आहे, एवढे समजले तरी मनातले निम्मे तर्ककुतर्क थांबतात.

उरलेल्या निम्म्यांचे काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विजेचा सौम्य पण वेदनादायक झटका नक्की बसणार, हे ठाऊक असलेल्यांपेक्षा बसेल की नाही याची शक्यता अर्धी-अर्धी असलेल्यांच्या शरीरावर ताण अधिक दिसला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील केट स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वकिलीच्या परीक्षेच्या निकालाची चार महिने वाट पाहणाऱ्या पदवीधरांचा अभ्यास मांडला. चिंता कमी करण्याचे त्यांचे बहुतेक उपाय निष्फळ ठरले होते. मात्र, ज्यांनी हा काळ चिंतेत काढला, ते प्रत्यक्ष निकालाला अधिक चांगल्या रीतीने सामोरे गेले. परीक्षा आणि आजार यांत अंतर आहे, हे मान्य. पण तात्पर्य आपल्या उपयोगाचे आहे. अहवालापूर्वी झोप उडाली, तर तो मनाचा दुबळेपणा नव्हे आणि रुग्णाने सतत हसतमुख राहिलेच पाहिजे, हा आग्रहही अनाठायी आहे.

चिंता पूर्णपणे जात नसली, तरी तिला बांध घालता येतो. पहिली गोष्ट, नमुना देतानाच तारीख विचारून घ्यावी. अहवाल कोणत्या दिवशी येईल, तो कोण समजावून सांगेल आणि त्या दिवशी न आल्यास कोणाला विचारायचे, हे कागदावर लिहून ठेवावे. मुदत ठाऊक असलेली प्रतीक्षा सोसवते. दुसरी गोष्ट, दोन्ही वाटा डॉक्टरांकडून आधीच समजून घ्याव्यात. आकडा वाढलाच, तर बहुधा तपासणी पुन्हा करून पाहतात, गोळ्या नियमित घेतल्या होत्या का हे विचारतात, गरज पडल्यास जनुकातील बदल तपासतात आणि औषध बदलतात. पुढची पायरी ठाऊक असली की, वाईट अहवाल हा शेवट वाटत नाही. तिसरी गोष्ट, अहवाल आता थेट मोबाइलवर येतो. तो रात्री अकरा वाजता एकट्याने उघडून आकड्यांचा अर्थ लावत बसू नये. कोणाच्या सोबतीने आणि केव्हा पाहायचा, हे घरात आधीच ठरवावे. चौथी गोष्ट, त्या आठवड्यासाठी हातांना आणि बुद्धीला गुंतवणारे काम राखून ठेवावे. मी जुन्या पुस्तकांची बांधणी करतो. सुई-दोरा हातात असला की, टक्क्यांचा विचार काही काळ तरी मागे पडतो.

आता कुटुंबीयांसाठी दोन शब्द. “काही होत नाही, उगाच काळजी करता,” असे आपण प्रेमाने म्हणतो. पण त्या वाक्याने रुग्णाचे बोलणेच खुंटते. त्याऐवजी “बाबा, अहवाल बुधवारी आहे ना? मी रजा काढली आहे, बरोबर येतो,” एवढे मुलाने म्हटले, तर त्यात मोठा आधार असतो.

हे सारे मी इतक्या कळकळीने का सांगतो आहे? कारण या प्रतीक्षेला कंटाळून माणसे तपासणीच टाळू लागतात. “मला काही त्रास नाही, मग कशाला रक्त द्यायचे?” असे म्हणतात. आमच्या आजारात रोग पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा त्याची पहिली चाहूल बहुधा याच चाचणीत लागते. रुग्णाला ती जाणवेपर्यंत बराच काळ लोटलेला असू शकतो. तपासणी टाळली म्हणून रोग थांबत नाही. वेळीच औषध बदलण्याची संधी मात्र हातची जाते. प्रतीक्षेच्या भीतीची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते.

शेवटी, समाज म्हणून आपले कर्तव्य. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात आणि अहवालासाठी परक्या शहरात दिवस काढतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांसारख्या संस्था त्यांना निवारा देतात. आपल्यातील प्रत्येकाने आपल्या गावातील एका रुग्णाच्या अहवालाची तारीख लक्षात ठेवावी आणि त्या दिवशी त्याच्यासोबत जावे. याला पैसा लागत नाही, एक सकाळ लागते. येथून जाण्यापूर्वी तेवढी एक तारीख आपल्या वहीत टिपून घ्यावी, अशी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.