वाहनातील बिनतारी संच आणि त्याचा जोडीदार

बिनतारी यंत्राविषयी सामान्य माणसाच्या मनात एक समजूत रुजलेली असते. यंत्र विकत घ्यावे, कळ दाबावी आणि दूरच्या माणसाशी बोलावे, एवढेच त्याचे तंत्र आहे, असे त्यास वाटते. मोबाईल फोनने ही समजूत अधिकच पक्की केली. वास्तविक फोन चालतो तो हातातील यंत्राच्या बळावर नव्हे. गावोगावचे मनोरे, त्यांना जोडणाऱ्या तारा आणि ती व्यवस्था अहोरात्र राखणारी माणसे यांच्या बळावर तो चालतो. मनोरा जेथे दिसत नाही, तेथे सर्वांत महाग फोनही मुका होतो.

आदिलाबाद जिल्ह्यात प्रवास करणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. पैनगंगा ओलांडून राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ यवतमाळच्या बाजूने या जिल्ह्यात शिरतो. आदिलाबाद, गुडिहत्नूर, इच्चोडा, नेरडिगोंडा ही गावे मागे टाकीत तो पुढे महबूब घाटातून निर्मळकडे उतरतो. महामार्गावर फोनची फारशी अडचण पडत नाही. परंतु मोटार उटनूरकडे किंवा इंद्रवेल्लीपलीकडील डोंगरात वळली, सागाचे रान दाट झाले आणि रस्ता नाल्यात उतरला, की फोनचा संकेत क्षीण होत जातो आणि कित्येक वळणांवर तुटतोही. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि कवाळचे व्याघ्र अभयारण्य त्यांत विभागले गेले. जिल्ह्याच्या सीमा बदलल्या, तरी डोंगर होते तेथेच राहिले.

अशा मुलखात कापूस बाजाराला नेणारा टेम्पो, आजाऱ्याला घेऊन निघालेली जीप किंवा लग्नाच्या वऱ्हाडाच्या दोन मोटारी एकमेकींपासून दुरावल्या, तर काय करावे? या प्रश्नाचे एक साधे, मर्यादित पण उपयुक्त उत्तर म्हणजे वाहनात बसविण्याचा ‘सिटिझन बँड’ बिनतारी संच होय.

या संचाचा प्रसार प्रथम अमेरिकेत झाला. तेथील शासनाने ११ सप्टेंबर १९५८ रोजी २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा रेडिओलहरींचा पट्टा सामान्य नागरिकांच्या अल्प अंतरावरील संभाषणासाठी खुला केला. १९७३ च्या तेलटंचाईच्या काळात मालमोटारींचे चालक पेट्रोलपंपांची आणि रस्त्यांची वार्ता एकमेकांना याच संचांवरून देऊ लागले, आणि हे यंत्र घरोघर माहीत झाले. १९७७ च्या आरंभी तेथील वाहिन्यांची संख्या २३ वरून ४० झाली.

भारतात बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना लागतो, हा नियम १९३३ च्या कायद्यापासून लोकांच्या परिचयाचा आहे. २००५ साली केंद्र शासनाने २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना परवान्याच्या अटीतून मुक्त केले. शक्तीची मर्यादा ५ वॅट ठेवली. या सवलतीत दुसऱ्याच्या संदेशात व्यत्यय न आणण्याचे बंधन आहे, आणि स्वतःच्या संदेशात कोणाचा व्यत्यय आला तर संरक्षण मागण्याचा अधिकार नाही. ही सार्वजनिक पाणवठ्यासारखी जागा आहे. येथे सर्वांनी सांभाळून घ्यावयाचे असते.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अमेरिकी पद्धतीच्या ४० वाहिन्यांचा संच परदेशातून आणला, तर त्याच्या सर्व वाहिन्या भारतीय पट्ट्यात बसत नाहीत. पहिली वाहिनी २६.९६५ मेगाहर्ट्झवर, तर सत्ताविसावी २७.२७५ वर असते. अठ्ठाविसावी २७.२८५ वर, म्हणजे मर्यादेच्या किंचित बाहेर पडते. तेव्हा त्या क्रमांकांच्या पहिल्या २७ वाहिन्याच येथे उपयोगाच्या. शिवाय संचाला भारत सरकारची यंत्रमान्यता आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे, आणि ती मान्यता ज्या प्रकारच्या एरियलसह दिलेली असेल, तेच एरियल वापरावे. बिनतारी संचांची इंटरनेटवरील बेकायदेशीर विक्री रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली मार्गदर्शक नियम काढले, यावरून या बाबतीत किती बेफिकिरी चालत होती, हे कळते. पोलीस आणि वनखाते यांच्या वाहिन्या वेगळ्या असतात. त्यांच्या वाटेस जाणे हा गुन्हा आहे.

आता संच बसविण्याकडे वळू. जीप, मोटार व लहान टेम्पो यांची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि असे संच बहुधा त्याच दाबासाठी बनविलेले असतात. मोठ्या मालमोटारीत मात्र सामान्यतः २४ व्होल्टची योजना असते. तेथे संच सरळ जोडला, तर तो क्षणात जळून जातो. त्यासाठी २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारे यंत्र मध्ये बसवावे लागते. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच वीज घेण्याची युक्ती काही मिस्त्री सुचवितात, परंतु तिने दोन्ही बॅटऱ्यांचे संतुलन बिघडते. तारा शक्य तो थेट बॅटरीवरून आणाव्या आणि बॅटरीजवळच दोन्ही तारांवर फ्यूज बसवावे. संचाला वीज फार लागत नाही, परंतु घासून उघडी पडलेली तार पत्र्याला लागली, तर आग लागण्यास तेवढे पुरते.

संचाचा खरा प्राण एरियल होय. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे पावणेतीन मीटरची काठी हे वाहनावरचे आदर्श एरियल. एवढी उंच काठी मोटारीवर मिरविणे अवघड असल्यामुळे तिच्या बुडाशी किंवा मध्ये तारेचे वेटोळे देऊन ती आखूड करतात. काठी जितकी आखूड, तितकी तिची कामगिरी उणी. पुष्कळांच्या ध्यानात येत नाही ते असे, की काठी हे एरियलचे निम्मे अंग आहे. दुसरे निम्मे अंग म्हणजे वाहनाचा पत्रा. म्हणून टपाच्या मध्यावर बसविलेली काठी चारी दिशांना सारखी बोलते, तर मागील कोपऱ्यात बसविलेल्या काठीचा आवाज एका दिशेस अधिक जातो. लाकडी फळ्यांच्या हौद्यावर किंवा ताडपत्रीच्या छतावर काठी बांधली, तर तिला हे दुसरे अंगच मिळत नाही. अशा वाहनात ती पुढील केबिनच्या लोखंडाशी, रंग खरवडून घट्ट जोडावी लागते.

काठी बसली की तिचे माप जुळवावे लागते. एरियलकडे पाठविलेल्या शक्तीपैकी काही भाग परत फिरतो; तो किती फिरतो हे दाखविणारे एक छोटे मीटर मिळते. मीटरचा आकडा दीडच्या आत असला तर उत्तम, तीनवर गेला तर संचास धोका. आकडा पहिल्या वाहिनीवर अधिक आणि सत्ताविसाव्या वाहिनीवर कमी दिसला, तर काठी आखूड आहे, ती थोडी लांबवावी. याउलट दिसल्यास ती थोडी कमी करावी. हे काम मोकळ्या मैदानात, दारे लावून, आसपास माणसे व विजेचे खांब नसताना करावे. एरियल जोडल्यावाचून बोलण्याची कळ कधीही दाबू नये. काठीपासून संचापर्यंतची केबल दाराच्या फटीत चेंगरू देऊ नये.

सावधगिरीच्या दोन गोष्टी खेड्यांतील रस्त्यांवर विशेष महत्त्वाच्या आहेत. कित्येक वस्त्यांतून विजेच्या तारा खाली लोंबत असतात; टपावरील उंच काठी त्यांना लागली तर प्राणावर बेतेल. म्हणून गावात शिरताना काठी वाकवून बांधावी. दुसरी गोष्ट वळवाच्या पावसाची. विजा कडाडू लागल्या की बोलणे थांबवावे आणि उघड्या टेकाडावर वाहन उभे करू नये.

एवढे झाल्यावर आवाज किती दूर जाईल? सपाट मोकळ्या रानात पाच ते दहा किलोमीटर, तर डोंगरात आणि दाट झाडीत दोन-तीन किलोमीटर एवढीच अपेक्षा धरावी. एखाद्या दिवशी अकस्मात हजारो किलोमीटरवरचा अनोळखी आवाज ऐकू येतो. सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात जेव्हा डाग वाढतात, तेव्हा वातावरणाच्या वरच्या थरातून या लहरी परत फिरतात; २०२४ च्या सुमारास असा काळ येऊन गेला. तो चमत्कार सुंदर असला, तरी त्याचा व्यवहारात उपयोग नाही. उलट दूरच्या गलबल्याने जवळचा आवाज बुडतो. शक्ती वाढविणारे यंत्र लावून यावर मात करण्याचा मोह काहींना होतो, पण ते बेकायदेशीर आहे. शिवाय चौपट शक्तीने अंतर चौपट होत नाही, आणि डोंगर आडवा आला तर तो चौपट शक्तीलाही आडवा येतो. टेकडीच्या माथ्यावर चढलेल्या मोटारीस मात्र त्याच ५ वॅटमध्ये दरीतील संचाहून कितीतरी दूरचे ऐकू येते.

याच ठिकाणी या यंत्राचा आदिलाबादसारख्या जिल्ह्यातील खरा उपयोग ध्यानात येतो. अमेरिकेच्या महामार्गावर कोणी ना कोणी ऐकत असे. येथील रस्त्यावर अनोळखी माणूस आपल्या हाकेला उत्तर देईल, अशी आशा धरून रानात शिरणे धोक्याचे आहे. एकटा संच म्हणजे अर्धाच संच. दुसरा अर्धा ज्याच्याजवळ आहे, त्याच्याशी आधी वाहिनी ठरविलेली हवी, वेळ ठरविलेली हवी, आणि त्या वेळी त्याने ऐकत बसले पाहिजे.

समजा, आजाऱ्याची जीप पाड्यावरून उटनूरकडे निघाली आहे आणि सोबत दुसरे वाहन आहे. पुढचे वाहन चढावर, फोनचा संकेत मिळेल अशा जागी थांबते. मागची जीप नाल्यात अडकली, तर तिचा फोन लागत नाही, परंतु तिच्या संचाचा आवाज दोन किलोमीटरवरील माथ्यापर्यंत पोहोचतो. माथ्यावरचा माणूस तो निरोप घेऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावतो. आंध्र प्रदेशात ही सेवा २००५ सालीच सुरू झाली आणि पुढे तेलंगणातही चालू राहिली. पण तिला बोलाविण्यास आधी फोन लागावा लागतो. तेव्हा हा संच फोनची जागा घेत नाही. फोन जेथे संपतो तेथून, तो जेथे लागतो तेथपर्यंतची शेवटची दोन-तीन किलोमीटरची वाट तो जोडून देतो. पौष अमावास्येस केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेसारख्या गर्दीत, एकाच मनोऱ्यावर असंख्य फोनांचा भार पडतो, तेव्हाही दोन वाहनांमधील हा थेट मार्ग मोकळा राहू शकतो.

असा निरोप उपयोगी पडावा, तर तो नीट सांगता आला पाहिजे. या संचावर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. कळ दाबलेली असेपर्यंत त्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही. म्हणून आधी क्षणभर ऐकावे, वाहिनी मोकळी असल्याची खात्री करावी, कळ दाबून एक श्वास थांबावे आणि मग बोलावे. मायक्रोफोन तोंडापासून दोन-तीन इंचांवर धरावा. ओरडल्याने शब्द फाटतात. प्रथम ज्याला बोलावयाचे त्याचे नाव, मग स्वतःचे, मग जागा, मग अडचण. जागा सांगताना ‘मोठ्या चिंचेजवळ’ असे न म्हणता रस्त्याचे नाव व किलोमीटरच्या दगडावरील आकडा एकेक अंक सुटा करून दोनदा सांगावा. ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा. बोलणे संपले की ‘ओव्हर’ म्हणून कळ सोडावी. खरखर बंद करणारा खटका ती जेमतेम थांबेल एवढाच फिरवावा. अधिक फिरविल्यास खरखरीबरोबर अडचणीतील माणसाचा दुबळा आवाजही बंद होतो. आणि हे सर्व काम चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्याने करावे.

या जिल्ह्यात भाषेचाही विचार करावा लागतो. बेला, जैनथ या बाजूस मराठी, तर अन्यत्र तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू आणि हिंदी कानी पडते, आणि लहरी पैनगंगेच्या काठाशी थांबत नाहीत. निरोपाची दहा-बारा वाक्ये सोबत्यांनी घरीच ठरवून, ती दोघांनाही समजणाऱ्या भाषेत म्हणून पाहिली, तर ऐन वेळी घोटाळा होत नाही. ज्यांना याहून दूरचा पल्ला हवा असेल, त्यांना हौशी बिनतारी चालकाच्या परीक्षेचा राजमार्ग मोकळा आहे. हैदराबादेस १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था या विद्येचा प्रसार करीत आली आहे. मात्र त्या परवान्यावर व्यापाराचे बोलणे चालत नाही.

संच घेण्यापूर्वी म्हणूनच बाजारातील किमती पाहण्याच्या आधी एक प्रश्न विचारावा : पलीकडे कोण ऐकणार आहे? त्या माणसाचे नाव ठरले, त्याच्यापाशी दुसरा संच बसला आणि पेरणीपूर्वीच्या एखाद्या मोकळ्या दिवशी दोघांनी नेहमीच्या रस्त्याने जाऊन आवाज कोठे पोहोचतो व कोठे तुटतो याची नोंद केली, म्हणजे पावसाळ्यात नाला भरून आल्या दिवशी कोणत्या टेकाडावर थांबावयाचे हे आधीच माहीत असते.