न वाचलेल्या पुस्तकाचा राग



मागच्या आठवड्यात एका तरुणाने मला मोबाईलवर मजकूर पाठवला : 'इस्लामवर टीका आहे, जवाब द्या.' मी विचारलं, "हे ज्या पुस्तकातून घेतलंय, ते तू वाचलंस?" तो म्हणाला, "नाही, पण राग आला." आज त्या रागाविषयीच बोलायचंय.

मुस्लिम आणि यहुदी विद्वानांमधला वाद फार जुना आहे. अकराव्या शतकात अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, इब्न हज्म हे मोठे आलिम होते. एका यहुद्याने कुरआनवर टीका लिहिल्याचं त्यांनी ऐकलं. त्यांचा रोख ग्रनाडाचे यहुदी वजीर शमुएल इब्न नघ्रीला यांच्यावर होता. पुस्तक शोधूनही मिळालं नाही. मग दुसऱ्या एका मुस्लिमाने त्याला दिलेल्या उत्तरातले उतारे घेऊन त्यांनी आपला जवाब लिहिला. हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे सांगितलंय. पण त्या जवाबात एका माणसावरचा राग साऱ्या यहुद्यांवर निघाला.

आता बगदादला या. १२८० साली इब्न कम्मूना या यहुदी तत्त्वज्ञाने यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मांची तपासणी करणारं पुस्तक अरबीत लिहिलं. इस्लामची बाजू मांडताना त्यांनी इमाम फख्रुद्दीन राझींसारख्या मुस्लिम विद्वानांचाच आधार घेतला आणि त्यावर आक्षेपही नोंदवले. १२८४ मध्ये शहरात ओरड झाली आणि जमाव त्यांच्या जिवावर उठला. 'उद्या सकाळी त्याला जाळू' असं जाहीर झालं, तेव्हा कुठे लोक पांगले. इब्न कम्मूनांना चामड्याने मढवलेल्या पेटीत घालून हिल्ला गावी त्यांच्या मुलाकडे नेण्यात आलं. थोड्याच दिवसांत तिथे त्यांचा मृत्यू झाला.

त्या जमावातल्या किती जणांनी पुस्तक उघडलं असेल? ज्यांनी उघडलं, त्यांनी लेखणी उचलली. इब्नुस्साअती या आलिमांनी त्याला लेखी उत्तर दिलं. आणि याच इब्न कम्मूनांनी सुहरावर्दींच्या ग्रंथावर लिहिलेलं भाष्य मुस्लिम विद्वान पुढेही वाचत राहिले.

सूरह अनकबूतची ४६वी आयत अहले किताबशी वाद करायला मनाई करत नाही. तो उत्तम रीतीने करा, असं सांगते. माझ्या मते न वाचता केलेला वाद उत्तम असूच शकत नाही. कुरआन न वाचता कुणी आपल्याविषयी बोललं की आपल्याला किती लागतं! मग तोच न्याय दुसऱ्याच्या किताबलाही लावू या.

त्या तरुणाला मी मूळ पुस्तकाचं नाव शोधायला सांगितलंय. सापडलं की दोघं मिळून वाचणार आहोत. जवाब त्यानंतर.